डोम्का रेप्चुकचा माग

डोम्का रेप्चुकचा माग हिवाळ्यातच उभा राहायचा. मळणी उरकली, डुक्कर कापून झालं, कोबीची पिंपं आंबायला लागली, की तिचा नवरा तोदेर कोठाराच्या माळ्यावरून मागाचे खांब उतरवायचा आणि मोठ्या खोलीत जोडून द्यायचा. मग ईस्टरपर्यंत त्या खोलीत दुसरं काही मावत नसे. कुणी आलंगेलं तर स्वयंपाकघरात मातीच्या भट्टीला पाठ लावून बसायचं, बीटचं आंबट सार प्यायचं आणि पलीकडून येणारे फणीचे ठोके ऐकायचे. ठोक्यांत खंड पडला की समजायचं, डोम्का धागे मोजतेय. तेव्हा शिंकसुद्धा दाबून धरायची.

आमचं झेलेनिव म्हणजे सस्कॅचेवानच्या माळावर विखुरलेली तीस-पस्तीस घरं. सगळे समुद्रापलीकडच्या जुन्या देशातून, बुकोविनाहून आलेले, एकमेकांचे नात्यातले, आणि म्हणूनच एकमेकांवर रुसलेले. मी, झोइत्सा, रेप्चुकांच्या शेजारच्या शेतावर जन्मले आणि लग्न होऊनही मैलभराच्या पलीकडे गेले नाही. शेजार म्हणजे अर्ध्या मैलाचा. पण वारा आमच्या बाजूने असला, की डोम्काने तोदेरला मारलेली हाक आमच्या चुलीपाशी ऐकू यायची. "आज स्वारी तापलीय," आई म्हणायची. स्वारी बहुतेक रोजच तापलेली असायची.

तिला नावं ठेवणारे आता पुष्कळ आहेत. त्यांनी चौतीस सालचा जानेवारी पाहिलेला नाही. घटसर्पाने तिचे दोन मुलगे एका आठवड्यात गेले, एक चार वर्षांचा, एक दोन. जमीन इतकी गोठलेली, की पहार मारली तर ठिणगी उडायची. दोन्ही शवपेट्या मार्चअखेरपर्यंत कोठारात गव्हाच्या राशीशेजारी ठेवल्या होत्या. कोंबड्यांचे दाणे काढायला ती रोज त्याच दारातून आत जायची आणि बाहेर यायची. उरली एकटी हाफिया, पाच वर्षांची.

डोम्काने विणलेले पट्ट्यापट्ट्यांचे गालिचे गावात घरोघरी होते. आम्ही त्यांना किलिम म्हणतो. भिंतीवर टांगला की थंडी आत येत नाही. पण ते साधे. तिच्या घराण्याची अशी एक नक्षी होती, काळ्यावर लाल, एका गुलाबाच्या पोटात दुसरा गुलाब आणि कडेने मेंढ्याची शिंगं. ती कागदावर कुठेच नव्हती. एका मोजणीत होती. कुठल्या ओळीला किती धागे उचलायचे, किती सोडायचे, याची एक लांबलचक मोजणी ती ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. आईने लेकीला द्यायची, बाकी कुणाला नाही. सुनेलासुद्धा नाही. त्या नक्षीचा एकमेव किलिम डोम्काने आपल्या आईबरोबर पेटीत घालून पुरला होता.

हाफिया आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. बाईंचं नाव मिस हॉलंड. पहिल्या दिवशी हजेरी घेताना 'हाफिया' त्यांच्या जिभेवर काही बसेना, तेव्हा त्यांनी सरळ 'हेझेल' लिहून टाकलं. माझं केलं 'झोई'. शाळेत आपली भाषा बोललं, की बाई 'इंग्रजीत बोल' म्हणायच्या आणि हातावर चामड्याचा पट्टा बसायचा.

आम्ही आठ वर्षांच्या होतो. नाताळच्या आधी, हाफियाने माझ्याकडे पेन्सिल मागितली. कुजबुजून, पण आपल्या भाषेत. दोन्ही हातांवर चार-चार पट्टे. त्या संध्याकाळी तिला चमचा धरता आला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वर्गाचं दार उघडलं आणि डोम्का आत आली. गुडघाभर बर्फातून दोन मैल चालून आली होती. मेंढीच्या कातड्याचा कोट, पापण्यांवर बर्फाचे कण, गाल जांभळे. पुढच्या बाकावरच्या इंग्रज पोरांनी नाकं धरली. ती सरळ टेबलापाशी गेली आणि आमच्या भाषेत गरजली, "हिला विचार, हाफिया, हिच्या आईने हिला बोलायला शिकवलं ते कुठल्या भाषेत? तेव्हा हिला कुणी पट्ट्याने फोडलं होतं का? म्हणावं, माझे दोन मातीत गेलेत, ही एक पोर राहिलीय. हिच्या अंगाला पुन्हा हात लावलास तर त्याच पट्ट्याने तुझे हातपाय बांधून तुला डुकरांत टाकीन. सांग तिला. जसंच्या तसं सांग."

हाफिया उभी राहिली. सुजलेले हात तिने पाठीमागे घेतले होते. जमिनीकडे बघत ती इंग्रजीत म्हणाली, "माझी आई म्हणतेय, मी वाईट वागले, त्याची ती क्षमा मागते. आणि तुम्ही आमच्यासाठी एवढे कष्ट घेता, म्हणून तुमचे आभार मानते."

मिस हॉलंडचा चेहरा उजळला. त्यांनी उठून हात पुढे केला. डोम्काने त्या हाताकडे बघितलं, मग तो असा दाबला, की बाईंचा खांदा हलला. जाताना माझ्या बाकापाशी थांबून मला म्हणाली, "बघितलंस, झोइत्सा? तोंड उघडलं की ऐकतात."

मधल्या सुट्टीत हाफियाने मला लाकडांच्या ढिगामागे नेलं आणि हे कुणाला सांगायचं नाही म्हणून आपल्या मेलेल्या भावांची शपथ घ्यायला लावली. मी घेतली.

त्यानंतर हाफियाला कधी मार बसला नाही. डोम्काला वाटलं, आपल्या दमदाटीने. खरं म्हणजे त्या दिवसापासून शाळेत हाफियाच्या तोंडून आपल्या भाषेतला एक शब्द फुटला नाही. मग हळूहळू घरीही. आईने आपल्या भाषेत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. आधी 'आई' होती, तिची 'मॉम' झाली. डोम्काला त्याचंही कौतुक. चार गावांतून मास्तरीण व्हायला शहरात गेली ती हीच एक.

ती गेली त्या हिवाळ्यात डोम्काने घराण्याचा किलिम मागावर चढवला. हाफियाच्या लग्नासाठी. स्वतःच्या मेंढ्यांची लोकर, स्वतः कातलेली, स्वतः रंगवलेली. पाच हिवाळे तो मागावर होता.

माझं लग्न त्याच सुमारास मित्रोशी झालं. अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत डोम्काच्या घरी आम्ही आठ-दहा बायका पिसं सोलायला बसलो होतो. हंसाच्या पिसाची मधली काडी काढून टाकायची, मऊ तेवढं ठेवायचं. एका दुलईला दोन हिवाळ्यांची पिसं लागतात. टेबलावर ढीग असतो, त्यामुळे जोरात हसायचं नाही, दार उघडायचं नाही. हसू नका म्हटलं की बायकांना जास्तच चेव येतो.

म्हातारी वारवारा म्हणाली, "काय गं डोम्का, लेक मास्तरीण झाली. आता ती तुझा किलिम इंग्रजीत विणणार का?"

"विणेल कशातही," डोम्का म्हणाली. "जीभ इंग्रज झाली असेल. हात माझे आहेत."

"हातांना सवय पाहिजे ना. गेल्या नाताळला आली तेव्हा पिरोहीत बटाटा भरायला बसली होती. एकेक पिरोहीची कड दाबायला तिला प्रार्थनेएवढा वेळ लागत होता."

बायका नाकाने फसफसल्या. मला तोच मोका वाटला. कितीतरी दिवस मनात होतं. मी म्हटलं, "मावशी, हाफियाला येईल तेव्हा येईल. तोवर मला शिकवा ना. मी रोज येईन. लोकर पिंजीन, कातीन, तुम्ही सांगाल ते करीन."

डोम्काने हातातलं पीस खाली ठेवलं. "तुझ्या आईला येत होतं?"

"नाही."

"आजीला?"

"नाही."

"मग? गाय आटली म्हणून शेजारच्या बोकडाला कुणी पिळत बसत नाही."

हसण्याचा असा भडका उडाला, की अर्धी पिसं छताला लागली. मीही हसले. घरी जाताना मित्रोने विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, पिसं गेली.

तरी मी जातच राहिले. तिची लोकर पिंजून दिली, कांड्या भरून दिल्या. मोजणी सुरू व्हायची वेळ आली, की ती म्हणायची, "झोइत्सा, भट्टीतला पाव बघ." पाव भाजून होऊन ताटात असायचा. मी उठून जायची.

हाफियाचं लग्न त्रेपन्न साली शहरातल्या चर्चमध्ये झालं. नवऱ्याचं नाव गॉर्डन. माणूस वाईट नव्हता. लग्नाच्या आधी हाफियाचं पत्र आलं, जेवणाची व्यवस्था झालेली आहे, काही करून आणू नका. डोम्काने पत्र वाचून घेतलं आणि तरी करून नेलं. लग्नाचा गोल पाव, वर पिठाचे पक्षी बसवलेला. तो हॉलच्या मागच्या खोलीत कोटांच्या ढिगाखाली सापडला, असं तोदेर म्हणायचा. किलिम मात्र तिने सगळ्यांसमोर उलगडला. मी तो तेव्हा पहिल्यांदा पूर्ण बघितला. लाल रंग असा होता, की त्याच्याकडे बघताना हात शेकावेसे वाटत. गॉर्डनची आई म्हणाली, "किती रंगीबेरंगी!" हाफियाने आईच्या गालाचा मुका घेतला आणि घडी घालायला लागली.

दोन वर्षांनी, पंचावन्नच्या जानेवारीत, डोम्काच्या डोळ्याला पडदा यायला लागला म्हणून मित्रो आणि मी तिला शहरात डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्या दिवशी उणे अडतीस होतं. डॉक्टर आटपल्यावर ती म्हणाली, "आलोच आहोत तर पोरीकडे जाऊ." न कळवता.

हाफियाच्या घरापुढे गाडी उभी होती. आमच्याकडे थंडीत गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून बॉनेटवर काहीबाही पांघरतात, जुनी गोधडी, घोड्याची झूल. या गाडीवर किलिम होता. दोरीने चारी बाजूंनी बांधलेला. मधल्या गुलाबावर तेलाचा काळा डाग, आणि कडेची शिंगं बंपरखाली लोंबून बर्फात गोठलेली.

मित्रोने आमची गाडी थांबवली आणि कुणीच उतरेना. मग डोम्का उतरली. किलिमापाशी गेली, हातमोजा काढला आणि जिथे पाच वर्षांत चुकलेला एकमेव धागा दुरुस्त केलेला होता, त्या जागेवर बोट फिरवलं. तिचं तिलाच माहीत कुठे ते. मग हातमोजा घालून दार वाजवलं.

हाफियाने आम्हाला चहा दिला, दुकानातली बिस्किटं दिली. तिचे डोळे सारखे खिडकीकडे जात होते. डोम्काने कप खाली ठेवला.

"गाडी सुरू होते का गं सकाळी?"

"हो, मॉम. पहिल्याच झटक्यात."

"बरं. ऊब आहे त्यात."

परतीच्या ऐंशी मैलांत ती डोकं मागे टेकून बसली होती. मित्रोला वाटलं झोपली. मी मागे वळून बघितलं, डोळे टक्क उघडे होते.

त्या आठवड्यात तिने मागावरचं काम कापून टाकलं, ताण्याचे उभे धागे सोडवून त्यांचे तुकडे केले, खांब आणि तुळया करवतल्या. जाळल्या नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्यात बसायला दांड्या कमी होत्या, तिथे ठोकल्या. तोदेरने सांगितलं तेव्हा मी धावतच गेले. ती खुराड्यात होती, तोंडात खिळे. ज्या तुळईवर विणलेलं कापड गुंडाळतात, ती तिच्या आईच्या हाताने गुळगुळीत झालेली तुळई, आडवी ठोकून झालेली. वर एक पांढरी कोंबडी बसून हगलीसुद्धा होती.

"मावशी, अहो काय केलंत हे! मला द्यायचा होतात. मी काय मेले होते?"

तिने तोंडातले खिळे काढले. "तुला का? तू माझी कोण?"

सात वर्षं त्या घरची लोकर पिंजली होती मी. तिच्या तापात तिची गुरं राखली होती. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मी कुणी नाही. जी आहे तिला विचारा, त्या दिवशी शाळेत तिने बाईला काय सांगितलं ते. तुम्ही म्हणालात, डुकरांत टाकीन. ती म्हणाली, माझी आई क्षमा मागते. तुमचे उपकार मानते. अख्ख्या वर्गाने ऐकलं. तुम्ही बाईचा हात दाबत होतात, आणि बाई हसत होती."

शपथ मोडल्याचं घरी पोचल्यावर आठवलं. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. हे मी लपवत नाही.

डोम्का पुढचा खिळा ठोकायला लागली.

पुढच्या नाताळला, म्हणजे आमच्या, जुन्या पंचांगाने जानेवारीत येणाऱ्या, हाफिया एकटीच आली होती. मी तिथे नव्हते. तोदेरने मित्रोला सांगितलं ते असं. टेबलाखाली गवत पसरलेलं, मध-खसखस घातलेला गहू मध्ये ठेवलेला, पहिली चांदणी दिसली म्हणून सगळे बसणार, तेवढ्यात डोम्काने विचारलं, "शाळेत त्या बाईला तू काय सांगितलं होतंस?"

हाफियाला क्षणभर काही कळेना. मग कळलं. ती म्हणाली, "आठ वर्षांची होते मी. हात असे झाले होते माझे. तू घरी निघून जाणार होतीस, मॉम. मला तिथेच बसायचं होतं."

खरंच होतं ते. मला आज कळतं. डोम्कालाही कळलं असेल. पण ती उठली. त्या रात्री आमच्याकडे घरातल्या मेलेल्यांसाठी एक जादा ताट मांडतात. डोम्का दोन मांडायची, दोन मुलांची. तिने हाफियासमोरचं ताट उचललं आणि त्या दोन ताटांच्या रांगेत नेऊन ठेवलं. वर गव्हाचा एक चमचा वाढला. हाफिया कोट घालून निघून गेली. तोदेर हे सांगताना आमच्या स्वयंपाकघरात लहान पोरासारखा रडला. मित्रो माझ्याकडे बघत होता. कारण माझ्या तोंडून काय गेलं होतं, ते त्याला माहीत होतं.

डोम्काने माझ्याशी बारा वर्षं बोलणं टाकलं. चौसष्ट साली तोदेर गेला. अंत्यविधीला हाफिया आली, कबरीच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली आणि तशीच परत गेली. त्यानंतर मित्रो डोम्काच्या दारातला बर्फ उपसायचा आणि मी त्याच्याबरोबर काहीतरी पाठवायची, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, मक्याची घट्ट उकड, डुकराच्या पायांचा थिजवलेला रस्सा. भांडं घासून परत यायचं. रिकामं. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं पाठवत नाहीत, चिमूटभर मीठ तरी घालतात. दोन हिवाळे रिकामंच आलं. तिसऱ्या हिवाळ्यात त्यात तीन कांदे आले. मी तेवढ्यावर शाल गुंडाळून तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "दार लाव, थंडी येतेय." झाल्या गोष्टीबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

मग काळ पालटला. ज्या गोष्टींची लाज वाटायची, त्यांचा एकाएकी वारसा झाला. शहरातल्या लोकांनी जुनी घरं, जुनी चर्चं उचलून आणून एके ठिकाणी मांडायचं काढलं, आणि त्या मंडळात पुढे कोण, तर आमची हाफिया. बहात्तर सालच्या फेब्रुवारीत ती आली. बरोबर एक तरुण बाई, खांद्याला टेपरेकॉर्डर. हाफियाचे केस पांढरे व्हायला लागले होते. तिने गळ्याशी भरतकाम केलेला ब्लाउज घातला होता, दुकानातला.

मी तेव्हा डोम्काकडे पाव भाजायला बसले होते. हाफिया दारातच थांबली आणि म्हणाली, "आई."

आमच्या भाषेत. जिभेवर गंज चढलेला, पण आमच्याच. "आई, मी विणायला शिकलेय. शहरात संध्याकाळच्या वर्गात. साधंच येतं. मला आपली नक्षी शिकव. तू नुसती मोजणी सांग, ही यंत्रात भरून घेईल. हरवणार नाही."

डोम्का खुर्चीतून हलली नाही. तिला इंग्रजी चार-पाचच वाक्यं यायची. त्यांतलं एक तिने काढलं, आम्ही पोरी लहानपणी नक्कल करायचो त्या मिस हॉलंडच्या हेलात, जसंच्या तसं.

"इंग्रजीत बोल," ती इंग्रजीत म्हणाली.

टेपवाल्या बाईला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. ती हसली. तिने विचारलं, त्या नक्षीचा एखादा तुकडा तरी कुणाकडे असेल ना?

हाफिया जमिनीकडे बघत म्हणाली, "माझ्याकडे होता. गाडीसाठी गॅरेज बांधलं, तेव्हा टाकून दिला."

हे ती आपल्या भाषेत बोलली की इंग्रजीत, मला आता आठवत नाही. डोम्काला समजलं एवढं खरं. ती माझ्याकडे वळली. "झोइत्सा, पाव बघ." या वेळी पाव खरंच करपत होता.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, सांगून टाकायचं होतंत. कुणासाठी ठेवताय आता?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

मी जवळजवळ चार वर्षं तेच धरून चालले, की हट्टी म्हातारी नक्षी उराशी घेऊन बसलीय. पंचाहत्तरच्या डिसेंबरात एका दुपारी मी दार न वाजवता आत गेले. ती स्वयंपाकघरात पाठमोरी बसली होती. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून पाठींना गव्हाच्या पोत्यांची सुतळी ताणून बांधली होती, ओळीने, पन्नास-साठ पदर. मांडीवर लाल लोकरीचा गुंडा. ती उचलत होती, सोडत होती, पुटपुटत होती, आणि उसवत होती. जमिनीवर उसवलेल्या लोकरीचा ढीग बघून कळत होतं, की हे आजचं नाही.

मी बराच वेळ उभी होते. तिला चाहूल लागली, पण तिने वळून बघितलं नाही.

"सातव्या ओळीपर्यंत येतं," ती म्हणाली. "शिंगं वळतात तिथपर्यंत. पुढचं येत नाही."

"आठवेल. सावकाश करा."

"दोन हिवाळे सावकाशच करतेय." मग एक पदर उसवत म्हणाली, "ती आली होती तेव्हाही येत नव्हतं, झोइत्सा. ती गेल्यावर मी रात्रभर मोजून बघितलं. तेव्हाच गेलेलं होतं. वीस वर्षं हात लावला नाही मी. वाटलं होतं, माझं मला कोण नेतंय."

मी त्या मोजणीच्या वेळी पाव बघायला उठून जात होते. एकदा जरी बसून राहिले असते, तरी दोन ओळी कानांवर पडल्या असत्या. तेही तिला सुचलं असावं. ती म्हणाली, "तुझे कान चांगले होते. मला माहीत होतं."

"हाफियाला बोलावू का? तिने तो किलिम दोन वर्षं डोळ्यांसमोर बघितलाय. तिला काही आठवेल."

"नको."

"मावशी..."

"नको म्हटलं ना. तिला वाटू दे, मी मुद्दामच दिलं नाही. ते बरं." तिने खुर्च्यांवरची सुतळी कापली, गुंडाळली आणि चुलीपाशीच्या डब्यात ठेवली. आमच्याकडे सुतळी टाकत नाहीत.

फेब्रुवारीत ती झोपेतच गेली. एकाहत्तर वर्षांची होती. चर्चच्या तळघरात जेवणं झाल्यावर हाफिया आणि मी भांडी घासायला उभ्या राहिलो, ती घासत होती, मी पुसत होते. बाकीच्या बायका आमच्यापासून लांब लांब होत्या.

ती इंग्रजीत म्हणाली, "शेवटपर्यंत दिली नाही तिने. एवढा राग."

मी तोंड उघडलं होतं. सातव्या ओळीचं सगळं जिभेवर आलं होतं. पण एकदा तोंड उघडून मी काय केलं होतं, ते हाफियाच्या वाकलेल्या पाठीवर मला दिसत होतं, आणि म्हातारीने नको म्हटलं होतं. म्हणून मी नुसतं म्हटलं, "हो. हट्टी होती."

"तू सांगितलं नसतंस तर..." एवढंच बोलून ती थांबली. तिने एक ताट दोनदा घासलं. मग म्हणाली, "जाऊ दे. किलिम मीच बांधला होता गाडीवर. गॉर्डन नको म्हणत होता."

चार वाजायच्या आत ती निघाली. वारा वाढला होता, बर्फ रस्त्यावर सरकायला लागला होता. मी बांधून दिलेला पाव तिने घेतला.

शेत विकलं गेलं. घेणाऱ्याने घर जाळून जागा नांगरली. खुराडंही त्यातच.

मित्रो आणि मी हाफियाचं ते वारशाचं गाव एकदाच बघायला गेलो, हिवाळी जत्रेला. आमच्यासारखंच एक घर होतं, मातीच्या भट्टीसकट, आणि मोठ्या खोलीत कुणाचा तरी माग, भोवती दोरी बांधलेली, आत यायचं नाही अशी. त्याच्यावर पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी अर्धवट विणलेलं. हाफिया शाळेच्या मुलांना इंग्रजीत सांगत होती, की आमच्या बायका हिवाळाभर विणायच्या, आणि प्रत्येक आई आपल्या मुलीला शिकवायची. तिने मला बघितलं, मान हलवली आणि पुढे सांगत राहिली. छान सांगत होती. मास्तरीणच ती.

मागच्या हॉलमध्ये तिकीट काढून पिरोही मिळत होत्या. आम्ही एकेक ताट घेतलं. आवरण जाड होतं आणि आत बटाटा थंड. मित्रो म्हणाला, "राहू दे का?" मी म्हटलं, "खा. टाकायचं नाही." आम्ही दोघांनी ताटं संपवली आणि उजेड आहे तोवर घरी निघालो.